जमिनीसकट घर

पोशेऱ्याकडे घर केवढं आहे ते खोल्यांवरून सांगत नाहीत, खणांवरून सांगतात. खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे एक खण. माझ्या सासऱ्यांचं पोशेऱ्यातलं घर पाच खणांचं. साखरशेतचं माझं माहेर तीन खणांचं, आणि त्यात माणसं इतकी की रात्री उठून बाहेर जायचं तर कुणाच्या तरी पायावर पाय पडायचाच. "कोन तं?" असं झोपेतच कुणीतरी विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता परत घोरायला लागायचं.

लग्नानंतर यजमानांना कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. आधी मोखाड्याला होतो, मग जव्हारला बदली झाली. जव्हारला आम्ही भाड्याने राहत होतो ते घर सात खणांचं होतं. एका कंत्राटदाराने स्वतःसाठी बांधलं होतं आणि मग तो ठाण्याला राहायला गेला. भाडं कमी होतं, कारण एवढं मोठं घर तिथे दुसऱ्या कुणाला नको होतं. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटायचा. माहेरची माणसं आली की मी त्यांना सगळ्या खोल्यांमधून फिरवून आणायची. पण मुलगी शिकायला नाशिकच्या वसतिगृहात गेली आणि आम्ही दोघंच उरलो. हे सकाळी कचेरीत जायचे, संध्याकाळी यायचे. मधला सगळा दिवस मी खोल्या झाडत असे. वापरातल्या खोलीपेक्षा रिकाम्या खोलीत धूळ जास्त साचते, हे मला तिथे कळलं.

मला माणसांशी बोलायला जमत नाही. शाळा चौथीनंतर सुटली ती पाचवी दुसऱ्या गावात होती म्हणून, पण चौथीपर्यंतही मी फारशी बोलले नव्हते. गुरुजींनी प्रश्न विचारला की उत्तर येत असायचं, तोंडापर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. जव्हारला दुकानात गेले तर माझ्या मागून आलेली दोन माणसं सामान घेऊन जायची, मग दुकानदार म्हणायचा, "ताई, तुम्ही कधीपासून उभ्या आहात?" अशा बाईला मोठ्या घरात एकटं ठेवलं तर तिचं होतं नव्हतं ते बोलणंही सुकून जातं. माझं तसंच चाललं होतं.

मग कंत्राटदाराचं पत्र आलं की मुलाचं लग्न ठरलंय, तो जव्हारलाच धंदा करणार आहे, घर मोकळं करून द्या. हे म्हणाले, "आता पुरे झालं भाड्याचं. स्वतःचं घेऊ."

तेव्हा एसटी स्टँडजवळ नवीन इमारत उठत होती. कचेरीतल्या दोघातिघांनी तिथे ब्लॉक घेतले होते. यांनाही तोच हवा होता. तीन खोल्या, नळ, संडास आत, वर गच्ची. पण हप्ता ऐकल्यावर हे दोन दिवस कागदावर आकडे मांडत होते. मुलीचं वसतिगृह आणि ब्लॉकचा हप्ता, पगारात दोन्ही बसत नव्हतं. त्यातच कुणीतरी सांगितलं की कल्हईवाले चाचा आपलं घर विकायला काढतायत. भांड्यांना कल्हई करणारे हे चाचा सगळ्या जव्हारला माहीत होते. स्टीलची भांडी आली, कल्हईचं काम कमी झालं, म्हणून ते आणि चाची भिवंडीला मुलाकडे जाणार होते. घर दोनच खणांचं, किंमत आमच्या आवाक्यातली.

आम्ही दोघं बघायला गेलो. पुढे छोटा ओटा, त्यावर चाचांची कल्हईची भट्टी. आत एक खण बसायचा, एक खण स्वयंपाकाचा, मागे मोरी आणि तुळशीवृंदावनाएवढंच परसू. घर खरं म्हणजे चार खणांचं होतं, मधोमध कुड, म्हणजे कारवीच्या काड्यांची सारवलेली भिंत, घालून त्याचे दोन भाग केले होते. पलीकडच्या भागात चाचांची विधवा बहीण राहत होती. तो कुड छपरापर्यंत गेलेला नव्हता, वर हातभर मोकळंच होतं. पुरुषमाणसं ओट्यावर बोलत होती आणि मी आत चाचीसमोर खाली मान घालून बसले होते. पलीकडे कुणीतरी भाकरी थापत होतं. थापणं थांबलं आणि कुडावरून आवाज आला, "भाभी, पाहुणे गोरे आहेत का काळे?"

चाचीने माझ्याकडे बघितलं आणि ओरडून म्हणाली, "काळे आहेत, पण चांगले आहेत!"

"मग चालतील!" असं म्हणून पलीकडे परत भाकरी थापायला सुरुवात झाली.

मी पदर तोंडाला लावून हसले. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे. त्या घरात दिवसभर काही न बोलता राहिलं तरी माणूस एकटं पडणार नाही, असं माझ्या मनात आलं. मला ते घर हवंसं वाटलं. मी आयुष्यात कधी काही हवं म्हटलेलं नव्हतं, कपडे, भांडीसुद्धा दुसऱ्यांनी आणलेलीच वापरली होती. वाटेत यांनी विचारलं, "तुला कसं वाटलं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

हे म्हणाले, "लहान आहे."

मी म्हटलं, "हो."

पण हिशेब दुसरं काही सांगत नव्हता. चार दिवसांनी हे म्हणाले की घेऊ या, पण एकदा बाबांनी लाकूड बघून जावं. सासऱ्यांचं सगळं आयुष्य रानात आणि शेतात गेलेलं. खांबावर बोटं वाजवून तो आतून पोखरलाय का ते सांगायचे. पोशेऱ्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर यांनी निरोप दिला, "जव्हारला घर घेतोय. बघायला या."

सासरे दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने आले. नवीन धोतर, डोक्याला पांढरी टोपी. एवढं खूश मी त्यांना सासूबाई गेल्यापासून बघितलं नव्हतं. चाचांच्या घरात शिरल्याबरोबर चहासुद्धा न घेता ते कामाला लागले. प्रत्येक खांबावर बोटं वाजवली, तळाशी वाकून नखाने खरवडलं, वर बघत आढ्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कमरेची सुताची दोरी काढून इकडून तिकडे धरली आणि तिला गाठी मारल्या. "बेस हाय," ते म्हणत होते. "बेस लाकूड हाय. कीड नाय." हे आणि चाचा ओट्यावर कागदपत्रांचं बोलत होते. मी चाचीला कप विसळू लागत होते. सासरे मागे एकटेच फिरत राहिले. निघताना ते चाचांना म्हणाले, "पावसाच्या आधी नेऊ." चाचा मान हलवत म्हणाले, "हो, पावसाच्या आधी." हे नंतर मला बऱ्याचदा आठवलं. दोघंही एकाच वाक्यावर खूश झाले होते.

त्यानंतर आठवडाभरात चाचांनी यांना बाजारात गाठून सांगितलं, "साहेब, माफ करा. घर द्यायचं नाही."

"का? काय झालं?"

"घरातल्यांचं मन नाही."

हे घरी आले ते रागानेच. "जास्त किंमत हवी असेल. सरळ बोलायचं तर तसं. घरातल्यांचं मन नाही म्हणे! मन नव्हतं तर चहा कशाला पाजला?" रात्री जेवताना म्हणाले, "जाऊ दे. ब्लॉकच घेऊ. हप्ता काही करून भरू. मुलीला सांगू एखादं वर्ष थांबायला." सोमवारी जाऊन होकार देतो, असं ठरवून ते झोपले.

मी जागी होते. मुलीला थांबायला सांगायचं, हे एक. दुसरं म्हणजे ते घर माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. पलीकडची बाई कुणाला तरी विचारत असेल, गोरे आले का काळे आले, आणि तो कुणीतरी मी नसणार, या विचाराने मला वाईट वाटत होतं.

शनिवारी हे कचेरीत गेल्यावर मी पितळेचं एक पातेलं पिशवीत घातलं आणि चाचांच्या घरी गेले. पातेल्याला कल्हईची गरज नव्हती. पण काहीतरी हातात असल्याशिवाय मला कुणाच्या दारात उभं राहता येत नाही.

चाचा घरी नव्हते. चाची दारात तांदूळ निवडत होती. "या बाई," ती म्हणाली, पण तोंड वळवूनच. "कल्हई करायची का? ठेवून जा, ते आल्यावर करतील."

मी पातेलं ठेवलं. जायला पाहिजे होतं, पण गेले नाही. उभीच राहिले. चाचीने सूप बाजूला ठेवलं. "बसा की. उभ्या काय राहिलात?"

मी बसले. म्हटलं, "चाची, घर... नाही देणार?"

तेवढंच बोलले, पण तेवढ्यानेच तिला राग आला. "कसं देणार? तुमच्या सासऱ्यांनी काय केलं ते बघितलं का? या इकडे." तिने मला हात धरून आत नेलं. मागच्या खांबांपाशी वाकून दाखवलं. प्रत्येक खांबाच्या तळाशी कोळशाने रेघा काढलेल्या होत्या. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तुळईच्या टोकालाही तशाच. कोळसा चाचांच्याच भट्टीतला. "मी काय वेडी आहे? मला माहीत नाही हे काय आहे ते? हे घर माझ्या सासऱ्यांनी खेड्यातून असंच आणलं होतं, उकलून. तेव्हापण अशाच रेघा होत्या. घर उकलणार तुम्ही! बैलगाडीत घालून नेणार!"

ते ऐकल्यावर मला सगळं समजलं. आमच्याकडे कुणी 'घर घेतलं' म्हणालं की त्याचा अर्थ हाच. उभं घर विकत घ्यायचं, खांब, तुळया, वासे, कौलं उतरवायची, कुठला खांब कुठे होता ते कळावं म्हणून रेघा काढायच्या, आणि आपल्या जागेवर नेऊन तेच घर परत उभं करायचं. जमिनीचा त्यात प्रश्नच नसतो. जमीन ज्याची त्याचीच राहते.

"न्या की," चाची म्हणत होती, "तुमचे पैसे, तुमचं घर. पण ही मधली खांबांची ओळ आमच्या दोघींची आहे. आढं एक आहे. तुम्ही इथला खांब काढला की माझ्या नणंदेचं छप्पर तिच्या डोक्यावर!"

कुडापलीकडून आवाज आला, "भाभी, तिला सांग, आधी मला बाहेर काढा, मग खांब काढा!"

"ऐकलंत?" चाची म्हणाली.

"मला दिवाळीच्या आत काढू नका म्हणावं, मी कोंबड्या ठेवल्यात!" पलीकडून परत.

चाचीला हसू आवरेना, पण तिने रागाचं तोंड तसंच ठेवलं. मी खांबाला धरून उभी होते. म्हटलं, "आम्ही उकलणार नाही. आम्ही इथे राहायला येणार आहोत."

"मग या रेघा कशाला?"

त्याचं उत्तर मला देता येत होतं, पण ते सासऱ्यांबद्दलचं होतं आणि परक्या घरात ते बोलवेना. चाचीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "बेटी, तू खोटं बोलत नाहीस ते दिसतंय. पण रेघा तू काढल्या नाहीस, म्हाताऱ्यांनी काढल्या. त्यांनी इथे येऊन माझ्या नणंदेला सांगू दे की उकलणार नाही. मग घर तुमचं. नाहीतर आम्ही कुलूप लावून जाऊ."

संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. हे आधी हसले. "सवयीने काढल्या असतील. बाबांना खांब दिसला की हात शिवशिवतात." मग हसू थांबलं. "मी निरोप काय दिला होता गं?"

"जव्हारला घर घेतोय, बघायला या."

हे उठून दारापर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "त्यांना वाटलं असेल आपण घर पोशेऱ्याला नेणार."

"हो."

"म्हणजे त्यांना वाटलं आपण परत येतोय."

हे पेपर उचलून वाचायला लागले, पण एकच पान धरून होते. शेवटी पेपरामागूनच म्हणाले, "तू जा. तू सांग त्यांना."

"मी? मामांना?"

"मी गेलो आणि ते म्हणाले, पोरा, ये की परत, तर मला नाही म्हणता यायचं नाही. आणि हो म्हटलं तर नोकरीचं काय? तू जा. तुला ते काही म्हणणार नाहीत."

ते खरंच होतं. ते मला काही म्हणत नसत, कारण आम्ही एकमेकांशी बोलतच नव्हतो. सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर सासऱ्यांनी बैलाशी बोलायला सुरुवात केली. मी पोशेऱ्याला गेलेली असले की ते गोठ्याच्या दाराशी उभे राहून बैलाला म्हणायचे, "भूक लागली रं बाबा," आणि मी ताट वाढायची. "मीठ कमी झालं रं आज," असंही एकदा बैलाला म्हणाले होते. बैल ऐकून घ्यायचा. मी मीठ द्यायची.

रविवारी सकाळी मी एसटीत बसले. राब भाजायचे दिवस होते. मोखाड्याच्या पुढे डोंगरउतारावर जागोजागी धूर दिसत होता आणि गाडीत जळलेल्या पालापाचोळ्याचा वास येत होता. पोशेऱ्याला पोचले तेव्हा दीर आणि जाऊ शेतावर गेलेले होते. सासरे घरामागे काहीतरी ठोकत होते. त्यांनी मला बघितलं, हातातला माती ठोकायचा धुमस खाली ठेवला आणि जवळच बांधलेल्या बैलाकडे वळून म्हणाले, "आली रं. बरं झालं. बघ म्हनावं कसं झालंय."

मोहाच्या झाडापलीकडे त्यांनी जोतं घातलं होतं. घराचा चौथरा. कडेने दगड लावलेले, आत माती भरून धुमसाने ठोकून सारखी केलेली. खांब उभे करायचे तिथे खड्डेसुद्धा घेतले होते. कोपऱ्यात ती सुताची दोरी पडलेली होती, चाचांच्या घरात गाठी मारलेली. दोन खणांचं जोतं. त्या माणसाने या वयात दगड एकट्याने ओढून आणले होते.

"हे पुढचं दार," ते बैलाला सांगत होते. "उगवतीला केलंय. तठं जव्हारात मावळतीला होतं, ते बेस नाय."

बैलाला सांगून बघावं असं माझ्या मनात आलं. पण हे बैलाला सांगण्यासारखं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "मामा."

ते दचकले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हाक मारली नव्हती.

"मामा, ते घर तिथंच राहणार. आम्ही तिथं राहायला जाणार."

त्यांना आधी कळलंच नाही. "तठं? त्याच्या जागंवर?"

"जागा पण घेणार. जमिनीसकट."

"जमिनीसकट?" ते जोत्याच्या कडेवर बसले. "घर विकलं तं विकलं, जागा कोन विकतं? मग मानूस परत आला तं बसंल कठं?"

"ते परत येणार नाहीत. भिवंडीला मुलाकडे जाणार."

"आनि तुमी?"

मी खांबांच्या खड्ड्यांकडे बघत राहिले. त्यांनी ठोकलेल्या मातीवरून दोनदा हात फिरवला, जणू ती अजून ओली आहे का ते बघत होते. मग म्हणाले, "त्यानं सांगायला तुला धाडलं."

"हो."

"त्याला नाय जमलं."

"नाही."

"तुला जमलं मग."

हे त्यांनी रागाने म्हटलं की कसं, ते मला आजही कळत नाही. पण ते म्हणाल्यावर माझ्यात काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मी जे यांनाही सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. "मामा, मला ते घर हवंय. मोठ्या घरात मला करमत नाही. तिथे कुडापलीकडे माणूस आहे. दिवसभर बोलतं. मला आवडलं ते."

सासरे बैलाकडे वळले, पण बैलाला काही म्हणाले नाहीत. परत माझ्याकडे बघून म्हणाले, "भाकर खाल्लीस का? जा, खा. उद्या येतो तुझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने जव्हारला आलो. चाचांच्या घरात शिरल्यावर चपला काढून ते सरळ मागच्या खांबांकडे गेले आणि धोतराचा सोगा ओला करून तळाच्या रेघा पुसायला लागले. चाची म्हणाली, "राहू द्या बाबा, मी पुसते." ते म्हणाले, "माझ्या हातच्या हायत."

पुसून झाल्यावर ते कुडासमोर उभे राहिले. पलीकडची बाई ऐकतेय हे सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्यांनी घसा खाकरला. "बाय," ते कुडाला म्हणाले, "हे घर कोन हलवनार नाय. माझी सून अठं राहील. तुला काय लागलं तं तिला हाक मार."

पलीकडून आवाज आला, "ती बोलते का पण? मागे आली होती तेव्हा तर मुकी वाटली."

"बोलते," सासरे म्हणाले. "वेळ आली का बोलते."

पावसाच्या आधी आम्ही तिथे राहायला गेलो. सात खणांतलं सामान दोन खणांत बसेना. एक कपाट आणि मोठा पलंग विकावा लागला. यांना वर्षभर तरी अवघडल्यासारखं व्हायचं. कचेरीतलं कुणी घरी येतो म्हणालं की हे त्याला बाहेर हॉटेलातच चहा पाजायचे. नंतर त्यांना सवय झाली. मुलगी नाशिकला शिकत राहिली. सुट्टीत आली की कुडाशी अंथरूण घालून झोपायची आणि रात्री पलीकडच्या आत्याबरोबर छपराखालच्या फटीतून गप्पा मारायची. मला झोप लागत असताना दोघींचे आवाज ऐकू यायचे. पलीकडची बाई मला "मुके" म्हणून हाक मारायची. "ए मुके, मीठ आहे का?" मी कुडावरून वाटी द्यायची. पुढे मीच विचारायला लागले, आज काय केलंस, कोंबडी बसली का, भिवंडीहून पत्र आलं का.

माणूस घर लहान करतं तेव्हा काय सोडतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कपाट, पलंग हे तर दिसतंच. पण आमचं घर लहान झालं तेव्हा पोशेऱ्यातलं एक घर उभं राहायचं राहिलं. ते मला दिसलं नसतं तर किती सोपं झालं असतं. मी ते बघितलं होतं, पुढचं दार उगवतीला होतं हेसुद्धा मला माहीत होतं. मी केलं ते चुकलं असं मला वाटत नाही. पण त्याची किंमत फक्त आम्हीच दिली असंही मी म्हणू शकत नाही.

घर घेतलं त्याच वर्षी, पावसाळ्यानंतर, नाचणीच्या झोडणीला मी पोशेऱ्याला गेले. जोत्याचं काय झालं असेल या विचाराने मला घरामागे जायचं धाडस होत नव्हतं. जाऊ म्हणाली, "चल, मामा खळ्यावर आहेत." आणि ती मला मोहाच्या झाडापलीकडेच घेऊन गेली. सासऱ्यांनी खांबांचे खड्डे बुजवले होते, जोतं शेणाने सारवलं होतं आणि त्यावर नाचणीची कणसं पसरून ठेवली होती. मी चप्पल काढून वर चढले. वर छप्पर नाही, बाजूला कुड नाही, नुसतं आभाळ. आमचं जव्हारचं घर खरोखर केवढं आहे ते मला तेव्हा उघड्यावर दिसलं. चार पावलं या बाजूला, सहा पावलं त्या बाजूला. एवढ्यात आम्ही राहत होतो. कणसं कडेवरून खाली मातीत सांडत होती. सासरे ती वेचून परत वर टाकत होते.

"खळ्याला कमी पडतं," ते मला म्हणाले. आता ते मलाच म्हणत, बैलाला नाही. "जरा मोठं घर घेतलं असतंस तं खळं मोठं झालं असतं."

मी म्हटलं, "मामा, आधी नाचणी किती आलीय ते बघा. पुरेल एवढ्यात."

"हां," ते म्हणाले. "या वर्षीला पुरंल." आणि त्यांनी झोडायचा दांडका माझ्या हातात दिला.